पावडर लावलेले पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून वसईकडच्या एका चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्यांनी सबिनालाही बोलावलं. सबिनाने रोजा नावाच्या बाईबरोबर संसार थाटलाय, हे गावाला ठाऊक. पहिल्या खुर्चीत पास्कोल मास्तर ऐटीत बसले होते. घरूनच साबणाने पाय घासून, वर पावडर थापून आलेले! सबिना दिसताच ते गरजले, "ही पापीण इथं बसली, तर मी पाय पुढे करणार नाही!"

फादर तांब्या घेऊन पहिल्या खुर्चीपाशी आले.

सबिनाने मास्तरांचे पाय निरखले. "नकाच करू, मास्तर. तुमचे घरीच धुऊन झालेत. येशूने पाणी घेतलं ते मळलेल्या पायांसाठी. आणि तुमच्या मते इथं मळलेली मी एकटीच ना? मग उठा, खुर्ची माझी आहे."

मास्तर तणतणत निघून गेले, सबिना खुर्चीत बसली आणि फादर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. मास्तरांची म्हणून तिथं फरशीवर पावडर तेवढी उरली. तीही फादरांनी पुसली.