ओझ्याला लागणारा हात

एकदा एका महाविद्यालयाने डोंगर चढण्यालाही अभ्यासक्रमात जागा दिली. पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन दिवस सह्याद्रीत चालायचे, स्वतः शिजवायचे, उघड्यावर झोपायचे आणि अखेरीस गडाच्या दरवाजाशी पोचायचे. हे जो पूर्ण करील त्याला पदवीचे दोन श्रेयांक. काळ बदलला म्हणायचे. आमच्या वेळी डोंगरात गेल्याबद्दल घरी बोलणी खावी लागत.

शिकवायला नेमले होते एका वृद्ध शिक्षकांना. भूगोल शिकवून ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण त्यांचे पाय निवृत्त व्हायला तयार नव्हते. विद्यार्थी त्यांना नुसते ‘सर’ म्हणत. सरांनी नियमही एकच सांगितला होता.

"ज्याचं ओझं त्यानं वाहायचं. सॅक दुसऱ्याच्या पाठीवर गेली, की श्रेयांक गेले."

हा नियम उत्तरा नावाच्या मुलीइतका दुसऱ्या कोणालाही पाठ नव्हता, कारण तिला तो एकदा भोवला होता. गेल्या वर्षी अखेरच्या चढावर ती दमून मटकन खाली बसली आणि एका उंच वर्गमित्राने "दे गं इकडे" म्हणत तिची सॅक स्वतःच्या खांद्याला अडकवली. तिनेही ती दिली. ती हात हलवत गडावर पोचली आणि तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असे लागले. बाकी सगळ्या विषयांत उत्तीर्ण झालेली मुलगी दोन श्रेयांकांवाचून पदवीच्या उंबरठ्यावर अडली. पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करून शाळेत शिकवायचे तिने ठरवले होते. तो प्रवेशही पदवीअभावी राहिला. काका म्हणाले, "डोंगरानं पोरीची पदवी अडवली, असं लोकांना सांगायचं तरी कसं?" मैत्रिणी म्हणाल्या, या वर्षी पुष्परचना घे, पंख्याखाली बसून तेवढेच श्रेयांक मिळतात. उत्तराने कोणाचे ऐकले नाही. ज्या चढावर बसलो तो चढायचाच, असा तिने निश्चय केला होता, आणि निश्चयाच्या बाबतीत ती घरात आजोबांवर गेली होती.

सामायिक सामानाची वाटणी झाली तेव्हा मोठे पातेले तिने आपणहून मागून घेतले. आता एवढी सॅक भरल्यावर ती पाठीवर घेणे हे एक निराळेच काम होते. बाकीचे विद्यार्थी एकमेकांना सॅक उचलून देत, पट्टे ओढून देत. उत्तरा मात्र जमिनीवर बसायची, सॅकला पाठ लावून पट्ट्यांत हात घालायची, मग कुशीवर वळून गुडघ्यांवर यायची आणि दात आवळून उभी राहायची. पहिल्याच सकाळी निनाद नावाचा एक मुलगा मदतीला पुढे झाला. तो बिचारा सरळ मनाचा होता.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "लावलास तर माझं वर्ष जाईल."

तो मागे सरला. त्यानंतर तिच्या वाटेला कोणी गेले नाही.

त्या दिवशी घाटाच्या वाटेवर एका वळणाशी एक बाई लाकडांच्या भाऱ्याशेजारी उभी होती. मुले तिच्यासमोरून रांगेने गेली. कोणी "नमस्कार मावशी" म्हणाले, कोणी फोटो काढला. उत्तराने मान वर न करताच विचारले, "कुणाची वाट बघताय का?"

"येईल कुणीतरी," बाई म्हणाली.

उत्तरा पुढे गेली. तिच्या डोक्यात गडाचा दरवाजा होता, आणि त्याखेरीज दुसरे काही शिरायला तिथे जागा नव्हती. संध्याकाळी मुक्कामाच्या देवळात सर सगळ्यांच्या नंतर बऱ्याच वेळाने पोचले. वय झाले आता सरांचे, असे मुले आपसांत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उत्तराचा गुडघा बोलू लागला. चालताना फारसे दुखत नव्हते. दुखत होते ते दर विश्रांतीनंतर उठताना, ओझ्यासकट गुडघ्यावर भार देताना. मग तिने उपाय काढला की विश्रांतीच घ्यायची नाही. इतर जण सावलीत बसले की ती सॅकसकट झाडाला टेकून उभी राहायची. पाणीही उभ्यानेच प्यायची. संध्याकाळपर्यंत गुडघ्याला चांगली सूज आली. तिने त्यावर पायजम्याचा पाय ओढून घेतला आणि कोणाला काही सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळी गडाच्या अखेरच्या चढाखाली आली. हाच तो चढ. मुले भराभर वर गेली, त्यांचे आवाज हळूहळू दूर गेले. उत्तरा लंगडत सर्वांच्या शेवटी पायथ्याशी पोचली तेव्हा तिथे सर एकटेच उभे होते. त्यांची सॅक जमिनीवर होती.

"बरं झालं आलीस," सर म्हणाले. "जरा हात लाव. सॅक पाठीवर घ्यायची आहे."

उत्तराला काही कळेना. याच माणसाने येताना हीच सॅक एका हाताने बसच्या टपावर टाकलेली तिने पाहिली होती. शिवाय आत्ता इथून सगळा वर्ग गेला, त्यांच्यातल्या कोणाला सांगता आले नसते? हात लावायचा तर आधी स्वतःची सॅक उतरवायला हवी, आणि ती उतरवली तर पुन्हा पाठीवर घेण्याइतके बळ गुडघ्यात उरले नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते. तिचे डोळे भरून आले. त्यात दुःखापेक्षा राग अधिक होता.

"सर, तुम्ही एकट्यानं उचलू शकता," ती म्हणाली. "मी बघितलंय."

"शकतो," सर शांतपणे म्हणाले. "पण मी हात मागतोय."

वडीलधाऱ्या माणसाला नाही कसे म्हणायचे? तिने पट्टे सोडले. सॅक धप्पकन खाली पडली, आतले पातेले वाजले, आणि त्या आवाजाबरोबर आपली पदवीही घाटात गेली असे तिला वाटले. तिने सरांची सॅक दोन्ही हातांनी उचलून धरली. सरांनी पट्ट्यांत हात घातले, खांदे हलवून ओझे नीट बसवले. मग ते वळले, तिची सॅक उचलली आणि तिच्या पाठीशी धरून उभे राहिले.

"घाल हात."

"नको सर. मग श्रेयांक..."

"नियम काय सांगितला होता मी?"

"ज्याचं ओझं त्यानं वाहायचं."

"वाहायचं म्हणालो. हात लावू द्यायचा नाही, असं कधी म्हणालो?"

उत्तराने वळून त्यांच्याकडे पाहिले. सर म्हणाले, "माझी आई घाटाखालून लाकडं घेऊन वरच्या बाजाराला यायची. भारा तिच्यापेक्षा लांब असायचा. तो तिनं कधी दुसऱ्याच्या डोक्यावर दिला नाही, माझ्या वडिलांच्याही नाही. पण एकटीनं उचललाही नाही. भारा उतरवला, की त्याच्याशेजारी उभी राहायची. वाटेनं कोणी ना कोणी यायचं, हात लावायचं, आपल्या रस्त्यानं जायचं. तेवढ्यानं तिचं ओझं काडीभरही हलकं व्हायचं नाही. घाट तिचा तिलाच चढायचा असायचा. वाहणं हे ज्याचं त्याचं काम आहे, पण जमिनीवरून उचलून देणं हे वाटेवरच्या सगळ्यांचं काम आहे. गेल्या वर्षी तू ओझंच देऊन टाकलंस. या वर्षी हातसुद्धा नाकारलास. नियम दोन्ही वर्षी तोच होता, तो तुला दोन्ही वेळा कळला नाही."

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. ऐकले नसते. तिने मुकाट्याने पट्ट्यांत हात घातले. ओझे पाठीवर आले, आणि ते होते तेवढेच जड होते. फक्त गुडघ्यातून कळ आली नाही.

चढ सोपा नव्हताच. एका ठिकाणी तिला दोन्ही हातांनी कातळ धरावा लागला, एका ठिकाणी ती बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. सर मागे होते, पण त्यांनी बोटही लावले नाही. गेल्या वर्षी जिथे बसली होती तो खडक तिने ओळखला आणि त्याच्या बाजूने ती पुढे गेली. दरवाजाच्या कमानीखाली पोचल्यावर तिने सॅक उतरवली.

"पूर्ण," सर म्हणाले, आणि सावली शोधायला निघून गेले.

येताना डोंगरांना वळसा घालून आलेली मंडळी दुपारी जवळच्या वाटेने थेट पहिल्या दिवशीच्या घाटात उतरत होती, आणि मुलांना घराची ओढ लागली होती. उत्तरा गुडघा सांभाळत सावकाश उतरत होती. निनाद आणि दोघे-तिघे मागे राहिले होते, बाकीचे पुढे गेले होते. घाटाच्या त्याच वळणावर तीच बाई भाऱ्याशेजारी उभी होती.

या वेळी उत्तरा थांबली. तिने आपली सॅक वाटेच्या कडेला उतरवली आणि भाऱ्याला हात घातला. दोघींनी मिळून तो उचलला. बाईने मान ताठ करून भारा डोक्यावर बसवला.

"परवाही इथंच उभ्या होतात ना तुम्ही?" उत्तराने विचारले. "मग कोणी उचलून दिला?"

"तुमच्यातल्या त्या म्हाताऱ्या बाबांनी. सगळ्यात शेवटी आले ते. तुमी पोरं घाईत व्हता." बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती भारा सांभाळत वळणाआड गेली.

उत्तरा जागच्या जागी उभी राहिली. त्या दिवशी आपण किती जवळून गेलो होतो, हे तिला आठवले. ती बाई दमून थांबली असेल किंवा घरच्या कोणाची वाट बघत असेल, असेच सर्वांना वाटले होते. ज्याला स्वतःला हात नको असतो, त्याला हातासाठी थांबलेला माणूस समोर असूनही दिसत नाही. तिला फार लाज वाटली.

सॅक पायाशी पडली होती. जमिनीवर बसून, कुशीवर वळून ती पाठीवर घेता आली असती. ती बसली नाही. वरच्या वाटेवर अजून कोणी दिसत नव्हते. ती सॅकशेजारी उभी राहिली. येईल कुणीतरी.