पाठीमागचा हात

“डावा हात पाठीमागं का ठेवता ते कळलं, बाबा. पण तिथं तो करतो काय?”

दस्तगीरबाबा समोर उभ्या केलेल्या रेडिओकडे बघत राहिले.

रेडिओ म्हणजे टेबलावर बसणारा नव्हे. कपाटाएवढा, जमिनीवर उभा राहणारा, मधोमध हिरव्या दिव्याचा डोळा असलेला. भूपाल कुंभोजेने तो बैलगाडीत, गवतावर आडवा झोपवून, फकिरांच्या या मिरजेबाहेरच्या तकियात आणला होता. बाबा फकीर होण्याआधी रेडिओ दुरुस्त करत. फकीर झाल्यावरही करत. फक्त बोलणं कमी झालं होतं.

त्यांच्या डाव्या हाताबद्दल गावात बऱ्याच कथा होत्या.

चालू रेडिओच्या आत हात घालायचा तर एकच घालायचा, दुसरा पाठीमागे, हा या धंद्यातला नियम. दोन्ही हात आत असले की वीज एकाने शिरते, दुसऱ्याने निघते, आणि वाटेत काळीज लागतं. नियम भूपाललाही ठाऊक होता. पण बाबा काम करताना पाठ भिंतीला लावून बसत, त्यामुळे मागे काय चालतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी म्हणे, मुठीत ताईत आहे. कुणी म्हणे, बोटांवर एक नाव जपतात. एका म्हाताऱ्याने तर मला शपथेवर सांगितलं, की तो हात मागून एक जिन धरून असतो. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता. त्याला फक्त दिसत नव्हतं.

भूपालला ते नाव हवं होतं.

हा रेडिओ तालमीतला. त्याचा थोरला भाऊ नेमगोंडा तो दुरुस्त करायला बसला, आणि सापडला तेव्हा त्याचे दोन्ही हात आत होते. रेडिओ नुसता घरघरत होता...

त्या दिवसापासून तालमीत कुणी रेडिओकडे पाठ करून बसेना. आता पैलवानांनी ठरवलं होतं, येत्या होळीत तो घालायचा. भूपाल सगळ्यांदेखत म्हणाला होता, भावाचं राहिलेलं काम मी पुरं करतो, गाता करून आणतो, मग बघू कोण जाळतंय.

लाकूड त्याने घासून, पॉलिश करून नवं केलं. उंदरांनी खाल्लेलं कापड बदललं, तारा बदलल्या, काचेचे जुने व्हॉल्व्ह कुठून कुठून मिळवले. हे सगळं वीज बंद ठेवून. राहिला होता एक स्क्रू. आतला, खोल. तो रेडिओ चालू ठेवून, कानाने ऐकतच फिरवावा लागतो.

नेमगोंडाचा जीव त्याच स्क्रूपाशी गेला होता.

“मला भ्या वाटत न्हाई,” भूपाल म्हणाला. “उगं विचारतोय.”

“मग इथं कशाला आणलास?”

भूपाल रेडिओला चिकटलेलं गवत वेचू लागला.

“नेमगोंडा भीत होता?”

“न्हाई. कुणाच्या बापाला भीत नव्हता.”

बाबांनी नुसती मान हलवली. बाहेर गाडीचा बैल चाकाला शिंग घासत होता.

मग भूपालने उजवा हात त्यांच्यापुढे धरला. तो थरथरत होता. घरी कितीदा तरी त्याने प्लग उचलला होता आणि ठेवून दिला होता. बायकोला सांगितलं होतं, लाइट नाही. तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

“हे थांबवायला काय तरी द्या. त्या हातात जे काय असंल ते.”

बाबा उठले. प्लग लावला.

व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले. तापलेल्या धुळीचा वास सुटला. आतून नुसती घरघर यायला लागली. मग हिरवा डोळा उघडला, आणि भूपाल मागे सरला. त्याला वाटलं, डोळ्याने आपल्याला ओळखलं.

बाबा भिंतीला पाठ लावून बसले. स्क्रूड्रायव्हर घेतलेला उजवा हात आत गेला. विहिरीच्या तळातल्या पाण्यासारखा, न हलता.

“हेच,” भूपाल पुटपुटला. “हेच पायजे मला.”

“मागं ये.”

बाबा भिंतीपासून थोडे पुढे सरकले. भूपाल वळसा घालून मागे गेला.

डाव्या मुठीत काही नव्हतं. ना ताईत, ना माळ. मुठीने कफनी पिळून धरली होती, आणि ती मूठ पाण्याबाहेर काढलेल्या मरळीसारखी तडफडत होती. बोटं पांढरी पडली होती. कफनी तिथे फाटलेली, त्यावर ठिगळ, ठिगळही फाटलेलं, त्यावर आणखी ठिगळ. ती ठिगळं भूपालने बाबांच्या पाठीवर जातायेता कितीदा पाहिली होती. फकिराला शोभतात, एवढंच त्याला वाटलं होतं.

“बाबा... तुमी पण?”

बाबांनी हात बाहेर काढला. स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढे धरला.

भूपाल बसला. उजवा हात आत गेला, पण थरथरतच. टोक स्क्रूवर टेकेना. त्या हाताला आधार द्यायला डावा आपसूक उठला, पुढे निघाला, रेडिओच्या तोंडाशी आला...

नेमगोंडाचाही असाच निघाला असेल.

डावा हात तिथेच थांबला. मग मागे गेला. त्याने पाठीवरचा सदरा शोधला आणि गच्च आवळला. शिवण उसवल्याचा आवाज झाला. टोक स्क्रूवर टेकलं.

घरघर बारीक झाली, विरली, आणि एक बाई गायला लागली. इतक्या जवळून, की ती कपाटातच बसली असावी.

भूपालचे डोळे भरून आले. बाबांनी प्लग काढला.

गाणं थांबलं नाही.

जुन्या रेडिओत वीज थोडा वेळ मुरून राहते, हे खरं. पण भूपाल सांगतो, बाईंनी चालू कडवं पुरं केलं, पुढचंही घेतलं, मगच थांबल्या. मी चालू कडव्यापर्यंत मानतो.

हिरवा डोळा बारीक होत गेला. मिटला.

भूपालने उजवा हात बाहेर काढला, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. डावा तसाच पाठीमागे होता, सदरा धरून.

बाबा पुन्हा भिंतीला टेकले.

“हं,” ते म्हणाले. “आता विचार. काय विचारत होतास?”