उकिरड्यावरचे गार कांदे

केवळनाथ महाराज चैत्रात नागझरीला येऊन उतरले, तेव्हा त्यांच्या येण्याने आपल्या पदरात काय काय पडेल, याचा अंदाज गावात सर्वांत आधी बांधला तो त्रिंबकपंत खोतांनी. महाराजांचे पहिले पान आपल्या ओटीवर मांडले जाईल, ही एक जमेची बाजू. सिद्धेश्वराच्या पालखीला पुढचा खांदा महाराजांच्या डोळ्यांदेखत आपण देऊ, ही दुसरी. तिसरी पंत कोणाजवळ बोलले नव्हते, तरी साऱ्या गावाला ठाऊक होती. देवळामागे बामीबाईचे परस होते. ते या निमित्ताने देवळाच्या आवारात ओढता आले, तर तिथे पंतांच्या नावाची धर्मशाळा उभी राहणार होती. देवाच्या कामात स्वतःची सोय पाहणारे पुष्कळ असतात. पण इतक्या नेटकेपणाने पाहणारे थोडे!

पहिली बाजू महाराजांनीच खोडली. पंतांच्या ओटीवर चंदनी पाट मांडलेला, आणि महाराज जाऊन बसले बामीबाईच्या परसात, कांद्याच्या वाफ्याशेजारी!

बामीबाई विधवा, एकटी. घरामागच्या वाफ्यांत ती पांढरा कांदा लावी. बियाणे घरचे, सासूपासून चालत आलेले. पातीच्या माना पडल्या की पाणी तोडायचे, पातीसकट कांदा उपटायचा, सावलीत सुकवून पातीची वेणी घालायची, ही तिची रीत. आणि हंगामाची पहिली माळ पालखीच्या भोयांची. ऊन बाधू नये म्हणून प्रत्येक भोई तिचा एकेक कांदा फेट्यात खोचून निघे.

"महाराज, माझ्याकडं भाकरी आन् कांदाच हाय," बामीबाई ओशाळून म्हणाली.

महाराज म्हणाले, "मग उशीर कशाला, बाये? फोड बुक्कीने!"

पंत धावत आले तो महाराज कांदा खात होते. महाराजांना बोलण्याची छाती होईना, म्हणून पंत बामीबाईवर घसरले. दुबळ्याकडे वळणे हा रागाचा जुनाच स्वभाव. "उत्सव तोंडावर आला, आणि देवाच्या नाकाशी कांदे पिकवतेस? लाज आहे का?"

"पंत, सासूच्या वेळेपासनं हायेत हे वाफे. देव कधी काय बोलला न्हाई."

"देव बोलत नाही, म्हणून तर आम्ही आहोत!"

पंतांच्या मागे आलेली मंडळी खो खो हसली. बामीबाईने हात जोडले. "थोडे दिवस थांबा. माना आत्ताच पडाय लागल्यात. आत्ता उपटलं तर कांदा टिकायचा न्हाई, आन् बी धरायला एकबी उरायचा न्हाई. सासूची आठवण हाय हो ती."

दुसऱ्या दिवशी महाराज खाडीवर स्नानाला गेलेले पाहून पंतांनी गडी पाठवले. गड्यांनी सगळे वाफे उपटले आणि कांदे उकिरड्यावर, भर उन्हात फेकून दिले. अहो, उभे पीक! चोरसुद्धा नेतो तो खाण्यासाठी नेतो. यांनी नासण्यासाठी उपटले, तेही देवाचे नाव घेऊन! एवढ्यावरही पंतांचे समाधान झाले नाही. घरोघरचे कांदे गोळा करून त्यांनी खाडीपार धाडले. गावात औषधालाही कांदा उरला नाही.

महाराज परतले, तेव्हा बामीबाई मोकळ्या वाफ्यात बसून रडत होती. महाराजांनी उकिरड्याकडे नुसती एक नजर टाकली. म्हणाले, "राहू दे तिथेच. ज्याचे त्याला लागतील."

पालखीचा दिवस उजाडला. भोयांनी कांदा मागितला, तर पंत कडाडले, "फेट्यात कांदा खोचून देवाला खांदा देणार?" आणि स्वतः अनवाणी, निरंकार उपवास करून त्यांनी पुढची दांडी खांद्यावर घेतली.

भर दुपारी पालखी देवळामागे वळली, आणि उकिरड्यापाशी जी थांबली ती हलेना! सारे भोई जोर लावून रेटतात, पण पाऊल उचलत नाही. तेवढ्यात पंतांचे तोंड लालबुंद झाले, घाम आटला, डोळे फिरले, आणि ते धाडकन कोसळले. भोयांनी पालखी कशीबशी सावरली.

"ऊन लागलं! कांदा आणा कोणीतरी, कांदा!" पंतांच्या पत्नी उमाकाकू ओरडल्या. माणसे एकमेकांची तोंडे पाहू लागली. कांदा आणणार कुठून?

त्या घटकेला घरात जाऊन दार लावून घेण्याचा बामीबाईला पूर्ण हक्क होता. ती धावली उकिरड्याकडे. तिथे मात्र थबकली. "महाराज, करपले असतील हो सगळे!"

"आधी हात तर घाल, बाये!"

तिने हात घातला आणि चटकन मागे घेतला. कांदा गार होता! विहिरीच्या तळातून काढावा तसा गार. वरचे वाळके साल निघाले, आत शुभ्र, टपोरा कांदा. बामीबाईने भराभर ठेचून दिले. महाराजांनी पंतांचे पाय मांडीवर घेऊन स्वतःच्या हातांनी तळव्यांना रस चोळला. पंतांनी डोळे उघडले! मग प्रत्येक भोयाने एकेक कांदा उचलला, बायांनी ओटीत भरून नेले, तरी ढीग होता तेवढाच! पुढची दांडी महाराजांनी खांद्यावर घेतली आणि पालखी फुलासारखी उचलली गेली.

आता तरी पंत विरघळले असतील, असे तुम्हाला वाटेल. छे! संध्याकाळी लोडाला टेकून ते म्हणाले, "उपवासाने भोवळ आली, झालं. त्यात कांद्याचं एवढं काय?" अशा माणसाला काय म्हणावे! इतकेच नव्हे, तर परसाचे काय ते एकदा ठरवून टाकावे, म्हणून ते बामीबाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

पडवीत महाराज घोंगडीवर पडले होते. अंग नुसते फणफणत होते, आणि पायांचे दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. बामीबाई त्यांवर ठेचलेला कांदा बांधत होती.

"हे काय झालं?" पंतांनी विचारले.

आयुष्यात पहिल्यांदाच बामीबाईचा आवाज चढला. "तुमचंच हाय ते, पंत! तुमच्या अंगातनं उतरलं ते कुठं गेलं वाटलं तुमाला? वाऱ्यावर?"

"बाये, माणूस दारात आलाय," महाराज क्षीण आवाजात म्हणाले. "बसायला दे त्याला."

पंतांनी वाकून स्वतःचे तळवे पाहिले. तापल्या वाटेवर अनवाणी चाललेले ते पाय लोण्यासारखे मऊ होते. एक ओरखडा नव्हता. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला मान खाली घातली, तोच महाराज म्हणाले, "आधी तिच्या."

आणि त्रिंबकपंत खोत बामीबाईच्या पायांवर पडून लहान पोरासारखे रडले.

त्या ढिगातलेच कांदे बामीबाईने बियाण्याला ठेवले. त्यांचे बी हाती आल्यावर पुढच्या मार्गशीर्षात वाफ्याच्या चिखलात धोतर खोचून रोपे लावत कोण बसले होते, सांगायला हवे का? "पंत, इतकं खोल न्हाई!" म्हणून बामीबाई ओरडे, आणि पंत मुकाट्याने रोप वर घेत.

तेव्हा भाविकहो, शेवटची बेरीज अशी. गुन्हा पंतांचा, नासाडी बामीबाईची, कांदे साऱ्या गावाचे. आणि भरपाई? ती महाराजांनी केली, स्वतःच्या तळव्यांनी. फोड पुढे बरे झाले. डाग मात्र देह ठेवीपर्यंत तसेच होते.