गेनू, मंजुळा आणि सेनापती वज्रसेन

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण गेनू आमच्या वाट्याला आला होता. "गेनू, माझ्या डब्यावर जरा लक्ष ठेव," असं कुणी म्हणालं की तो गिरणी बंद करायचा आणि डब्यासमोर मांडी घालून बसायचा. माणूस परत येईपर्यंत डब्यावरची नजर हलायची नाही. दळण तसंच राहायचं.

गेनूला जगात एकच गोष्ट हवी होती. शांताक्कांची लेक मंजुळा. एकदा ज्वारी दळता दळता त्यानं शांताक्कांना तसं सरळ सांगूनही टाकलं.

शांताक्का म्हणाल्या, "पोरगा वाईट न्हाईस तू. पर आधी चार माणसांत कसं बोलावं ते शीक. मग बघू."

गेनूनं माणसं मोजली. गिरणीत नीळकंठ गुरुजी यायचे, किराणावाले बापू यायचे, शांताक्का यायच्या आणि चौथा तो स्वतः होता. चार भरले. हे जे बोलतील ते शिकायचं, असं त्यानं ठरवलं.

आता ही मंडळी बोलायची एकाच विषयावर. दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर 'सात गडांची राणी' लागायची. त्यात राजे, चेटकिणी, पंखवाला अजगर असं सगळं होतं, आणि दर भागात कुणीतरी मरायचं. त्या आठवड्यात सेनापती वज्रसेन कड्यावरून खाली पडला आणि भाग संपला. सोमवारी गिरणीत दोन तट पडले. पट्टा धडधडत होता आणि त्याच्यावर आवाज चढवून सगळे भांडत होते.

"मेला! एवढ्या वरनं पडल्यावर काय ऱ्हातंय?" बापू ओरडले.

"जिवंत आहे," गुरुजी म्हणाले. "नियम लक्षात ठेवा. जोवर प्रेत दाखवत नाहीत, तोवर माणूस मेला असं धरायचं नाही. तो दाढी वाढवून परत येतो."

गेनूनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भोसल्यांचे तात्या वारल्याची बातमी आली. वय चौऱ्याण्णव. लेकीकडे गेले होते, तिकडेच सगळं उरकलं. गाव भेटायला गेलं, गेनूही गेला.

"प्रेत कुणी पाहिलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा. कुठलं बघायला मिळतंय," तात्यांची म्हातारी रडत म्हणाली.

"मग मेले नाहीत. दाढी वाढवून परत येतील."

म्हातारीचं रडं थांबलं. "परत येत्यात?" तिनं विचारलं आणि तिला घेरी आली. आनंदानं नव्हे, असं नंतर तिनंच सांगितलं.

शांताक्कांनी गेनूला दंडाला धरून बाहेर काढलं. "आरं गेन्या, अशा घरी मान खाली घालावी, रुमाल डोळ्याला लावावा आणि म्हणावं, सुटला बिचारा."

"असं होय," गेनू म्हणाला.

शुक्रवारी बापूंच्या पुतण्याचं लग्न होतं. नवरदेव बोहल्यावर चढला. गेनूनं मान खाली घातली, रुमाल डोळ्याला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सुटला बिचारा!"

नवरदेवाच्या वडिलांनी 'सुटला कसला, अडकला' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण शेजारी त्यांची बायको उभी होती, म्हणून त्यांनी ते मिटलं. मुलीकडचे मात्र बाह्या सरसावून पुढे आले. गुरुजींनी कसंबसं मिटवलं आणि गेनूला मांडवाच्या मागे नेलं.

"गेनू, जिथे दिवे असतात, वाजंत्री असते, माणसांची धावपळ असते, तिथे शुभकार्य असतं. तिथे अक्षता टाकाव्यात आणि म्हणावं, असंच घरोघरी होवो."

"हे सोपं आहे," गेनू म्हणाला आणि उरलेल्या अक्षता त्यानं खिशात टाकल्या.

शनिवारी शांताक्कांच्या ओसरीवर गल्ली जमली. मालिका सुरू झाली. राणीच्या राजधानीवर पंखवाला अजगर आला. त्यानं तोंड उघडलं आणि शहर पेटलं. लखलखाट झाला. नगारे वाजायला लागले. माणसं सैरावैरा धावायला लागली. ओसरीवर बायका पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या.

गेनूनं नीट पाहिलं. दिवे होते. वाजंत्री होती. धावपळ तर फारच होती. तो उठला आणि टीव्हीवर अक्षता टाकत म्हणाला, "असंच घरोघरी होवो!"

शांताक्कांनी लाटणं शोधायला हात मागे नेला. तेवढ्यात दारातून खुदकन आवाज आला. मंजुळा हसत होती. हसता हसता खाली बसली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं.

"आई," ती म्हणाली, "मला ह्योच चालंल. जन्मभर हसायला तरी मिळंल."

शांताक्कांनी लाटणं शोधायचं सोडून दिलं. पोरगी राजी, मुलगा कष्टाळू, गिरणी घरची. येत्या गुरुवारी सुपारी फोडायचं ठरलं. गेनूचे पाय जमिनीला लागेनात. त्यानं दोन दिवस गव्हावर ज्वारी दळली, पण कुणी काही म्हणालं नाही. आमचं गाव चांगलं आहे.

बुधवारी गिरणीत पुन्हा मंडळी जमली. मालिकेचा शेवटचा भाग तीन दिवसांवर आला होता. वज्रसेनाचं काय होणार यावर बोलायला बापूंनी दुकान बंद ठेवलं होतं.

"राणीचं त्याच्याशी लगीन ठरलंय न्हवं," बापू म्हणाले. "त्यो येणार आणि सुखानं ऱ्हाणार."

"ठरलंय म्हणूनच गेला म्हणा," शांताक्का म्हणाल्या. "ज्याचं लगीन ठरतं त्यो फुडच्या भागात मरतो. मी मोजल्यात. नऊ नवरदेव गेले."

"नियम पक्का आहे," गुरुजी म्हणाले. "ऐनवेळी नाही म्हणून पळालेला तो सारथी तेवढा अजून हिंडतोय."

"नऊच्या नऊ?" गेनूनं विचारलं.

"नऊच्या नऊ," शांताक्का ठासून म्हणाल्या.

गेनूच्या हातातला डबा भरून वाहत होता आणि पीठ जमिनीवर पडत होतं.

गुरुवारी शांताक्कांच्या ओसरीवर सतरंज्या अंथरल्या. गेनूला आईबाप नव्हते, म्हणून त्याच्या बाजूनं गुरुजी बसले. मंजुळा हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती आणि आधीच हसू दाबत होती. पाच सुपाऱ्या मांडल्या. गुरुजींनी बत्ता उचलला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मुलाची पसंती आहे ना?"

गेनूनं मंजुळेकडे पाहिलं. मग सुपाऱ्यांकडे पाहिलं. मग हात जोडून उभा राहिला.

"आक्का, मंजुळा मला फार आवडते. पण मला जगायचंय. ही सुपारी बापूंच्या नावानं फोडा. त्यांची सत्तरी उलटलीय."

बापूंनी तेवढ्यात टोपी सरळ केली.

मंजुळा या वेळी हसली नाही. पाटावरून उठली आणि आत गेली. गेनू चपला न घालता गिरणीपर्यंत पळाला.

शनिवारी शेवटचा भाग लागला. वज्रसेन खरंच परत आला, दाढीसुद्धा होती. राणीच्या गळ्यात हार घालायला त्यानं हात वर केले आणि त्याच्या छातीत बाण बसला. शांताक्का ढसाढसा रडल्या. रडता रडता "मी म्हटलं न्हवतं?" असंही म्हणाल्या. खिडकीबाहेर उभ्या गेनूनं देवाला हात जोडले.

पुढे महिन्याभरानं शांताक्का गिरणीत आल्या. मागे बैलगाडी, गाडीत गव्हाची चार पोती. रांगेतली माणसं बाजूला झाली.

"एवढे गहू?" गेनूनं विचारलं.

शांताक्कांनी नजर चुकवली. "लग्नाचं दळण हाय. मंजुळेचं ठरलं. पलीकडच्या गावचा कंडक्टर हाय."

गेनूनं हात लांब करून गिरणी बंद केली. धडधड थांबली. तो खाली पोत्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या गालांवरून पाणी ओघळलं. बापूंनी मान वळवली. गुरुजींनी चष्मा काढला. आपण काय घालवलं ते शेवटी या बिचाऱ्याला कळलं, असं सगळ्यांनाच वाटलं. शांताक्कांनीसुद्धा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गेनूनं नाक पुसलं आणि हळूच विचारलं, "आक्का, वय काय होतं हो त्या कंडक्टरचं?"