टिळेकरांचा नेहमीचा चहा

गेम बनवताना त्यात साधं दार उघडायचं, तरी कोडच्या आठ किचकट ओळी लिहाव्या लागत. प्रोग्रामर शर्वरीने त्यासाठी एक मॅक्रो केला. आता ‘दार उघड’ एवढंच लिहायचं, त्या जागी आठही ओळी संगणक आपणच भरणार.

टीमचे प्रमुख टिळेकर भडकले. “हे आळशी लोकांचे धंदे! सगळे मॅक्रो काढून टाक. माझ्याकडे जे हवं ते पूर्ण लिहायचं.”

“बरं, सर.”

तेवढ्यात चहावाले विष्णूमामा आले.

“मामा, माझा नेहमीचा,” टिळेकर म्हणाले.

“थांबा मामा,” शर्वरी शांतपणे म्हणाली. “सर पूर्ण सांगतील. दूध किती, साखर किती, आलं किसून की ठेचून...”

“अगं, नेहमीचा म्हटलं की मामांना सगळं कळतं!”

“मॅक्रोलाही कळतं, सर.”

टिळेकरांनी चहा संपवला. मग कप ठेवत म्हणाले, “खिडक्यांचाही एक करून टाक.”