अकरा नंबरची बाटली

उकिडवे सरांच्या छोट्या प्रयोगशाळेत गावोगावचं पाणी तपासलं जाई. पण वापरलेली रसायनं सर बेसिनमध्येच ओतायला लावत, आणि ते पाणी मागच्या शाळेच्या विहिरीपाशी मुरे. मदतनीस कुमुदताईंनी टोकलं की सर म्हणत, "मला शिकवू नका. पाण्याच्या बाबतीत माझी सही म्हणजे शेवटचा शब्द!"

बाटल्यांवर नावं नसत, नुसते नंबर असत. एकदा अकरा नंबर तपासून सर कडाडले, "हे तर विष आहे!" आणि त्यांनी अहवालावर झोकात सही ठोकली. "कुणाचं हो हे पाणी?"

"आपल्याच बेसिनचं, सर. आता तुमची सही खोटी म्हणू, की बेसिन बंद करू?"

तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली. विहिरीवर पोरांचा गलका उठला.

"सही खरी आहे," सर पुटपुटले, आणि पोरांना थांबवायला स्वतःच धावले.