उतरवलेला विमा

घाटाखालच्या नाक्यावर हवालदार फडतरे उभे राहिले की कायदा बाजूला आणि त्यांचा शब्द पुढे. ऐन लग्नसराईत त्यांनी नवरीचीच गाडी अडवली. गाडी चालवत होती नवरीची कुमुदआत्या, आणि मुहूर्ताला उरली होती वीस मिनिटं.

"विम्याचा कागद?"

आत्यानं मोबाईल पुढे केला. "सरकारी अ‍ॅपवर आहे. कायद्यानं चालतो."

"माझ्या नाक्यावर नाही चालत. विमा गाडीतच पाहिजे."

मागे वऱ्हाडाच्या गाड्या खोळंबल्या. बेंजोवाले टेम्पोतून उतरून मजा बघायला आले. नवरीचं काजळ ओघळायच्या बेतात आलं. आत्यानं मात्र गोड आवाजात विचारलं, "साहेब, मराठीत विमा चढवतात की उतरवतात?"

"उतरवतात. एवढंही माहीत नाही?" फडतऱ्यांनी मिशीला पीळ दिला.

"मग उतरवलेला विमा गाडीत कसा सापडेल? गाडीत आता फक्त नवरी उरलीय, आणि तीही वेळेत उतरवायचीय."

बेंजोवाल्यांनी तिथेच ठेका धरला. फडतऱ्यांनी हसू दाबत मोबाईल पाहिला आणि हात हलवून गाडी सोडली.

त्या नाक्यावर हल्ली मोबाईलवरचा विमा चालतो. फक्त फडतऱ्यांसमोर 'उतरवला' म्हणायचं नाही.